हप्ता फिटलेली गाडी

पहाटे पावणेपाच

मे महिन्यात आमच्याकडं दिवस कसा घालवायचा हे ऊन ठरवतं. अकरा-साडेअकराच्या आत अंगमेहनतीचं जे उरकेल ते उरकेल, मग चार वाजेपर्यंत सावली धरायची, आणि त्यानंतर अंधार पडेस्तोवर पुन्हा काम. येडशीजवळ, बालाघाटाच्या उतरणीला माझं माहेर आहे. मी धाराशिवात नोकरी करते. सुट्ट्या लागल्या की पेरणीआधीच्या कामांना वस्तीवर येते. या दिवसांत घरात हात कमी आणि कामं ढीगभर असतात.

अंगणात आले तर थोरला भाऊ, अण्णा, मोबाइलचा उजेड धरून गाडीखाली वाकला होता. रात्रीतून ऑइल कुठं टिपकलं का, हे तो जमिनीवरचे डाग बघून ठरवतो. इंजिनाखालचा डाग नेहमीचा, त्याचं काही वाटून घ्यायचं नाही. नवीन जागी डाग दिसला तर मात्र त्या दिवशी गाडी जागची हलत नाही.

गाडी म्हणजे टाटाची चारशेसात, 1994 सालची. गोठ्याच्या वरच्या अंगाला, उताराकडं तोंड करून ती उभी असते, मागच्या चाकाला भला मोठा दगड लावलेला. हँडब्रेकवर घरातल्या कुणाचाच विश्वास नाही. आणि उतार एवढ्यासाठी की सकाळी सेल्फ लागला नाही, तर दगड काढायचा, ब्रेक सोडायचा, गाडीला दहा-पंधरा पावलं जाऊ द्यायचं आणि दुसऱ्या गिअरात क्लच सोडायचा. इंजिन पेटतं. नवी बॅटरी पैसे मागते, उतार फुकट आहे.

मग टायर. अण्णानं टॉमी घेतली आणि एकेका टायरवर ठोकत गेला. मागं दोन्ही बाजूंना टायरची जोडी आहे. त्यातलं आतलं टायर बसलं तरी बाहेरून कळत नाही, बाहेरचं एकटंच वजन पेलत राहतं आणि भर रस्त्यात फुटतं. हवा भरलेलं टायर ठोकलं की टॉमी उडते आणि टणक आवाज येतो, बसलेल्याचा आवाज बद्द. अण्णा पुढं गेला, की पुतण्या तेच टायर पुन्हा ठोकून बघतो. दोघांचं एकमत झालं की रेडिएटरात पाणी, ऑइलच्या दांडीवर नजर, आणि सेल्फ.

आज लागला. धूर आधी काळा, मग निळसर, मग दिसेनासा झाला. वहिनी चुलीजवळूनच म्हणाली, "लागली वाटतं." तिला आवाजावरून कळतं. गाडी धापा टाकत असेल तर ती न्याहारीचं पीठ उशिरा मळते.

सहा

पहिलं काम शेणखताचं. दिवाळीपासून साठलेला उकिरडा खालच्या रानात न्यायचा आणि पहिल्या पावसाआधी पांगवून टाकायचा. फावडी, घमेली, चार माणसं. वास आता येत नाही, खत चांगलं कुजलेलं आहे. पण वाफ येते, आणि तिच्यात हात घातला की पहाटेचा गारठा जातो.

हा उकिरडा जेसीबीनं अर्ध्या तासात भरून झाला असता. शिवाय दारात ट्रॅक्टर आहे, ट्रॉली आहे. मग ही चारशेसात कशाला? मीही हे पूर्वी विचारायची. उत्तर असं की जेसीबी तासावर चालतो आणि मे महिन्यात त्याचा तास मिळवायला नंबर लावावा लागतो. आपल्या अर्ध्या तासाच्या कामासाठी तो वाट वाकडी करून येत नाही. ट्रॅक्टर तर आपलाच, पण त्याच्यावर कर्ज आहे. नांगरट आणि रोटाव्हेटरचा हंगाम हाच. या दिवसांत तो दुसऱ्याच्या रानात फिरला तरच त्याचा हप्ता निघतो. म्हणजे ज्या यंत्रावर हप्ता आहे त्याला घरचं काम करायला फुरसत नाही. घरचं काम त्याच गाडीनं करायचं जिचे हप्ते कधीच फिटलेत आणि जी चार दिवस नुसती उभी राहिली तरी कुणाच्या जिवाला घोर लागत नाही.

जुन्या गाड्यांवर लोक प्रेमानं बोलतात, त्यात मला फारसं तथ्य वाटत नाही. आमच्या घरी तिच्यावर कुणी प्रेम करत नाही. अण्णा तिला दिवसातून दोनदा शिवी घालतो. ती टिकली ती उभं राहणं परवडतं म्हणून. शेतावरच्या घरची कामं सलग नसतात. आज खत, मग तीन दिवस काही नाही, मग अचानक एका सकाळी पत्रे, पाइप, आजारी म्हैस. या कामांना भाडं नसतं, वेळ ठरलेली नसते आणि बाहेरचा माणूस हो म्हणाला तरी येईलच असं नसतं.

साडेआठ

धपाटे, दही, शेंगांची चटणी. उभ्या उभ्याच.

नऊ

आज खरं काम कडब्याचं. बार्शी तालुक्यातल्या एका शिवारात आमच्या पाहुण्यांनी कडबा ठरवून ठेवला होता. येडशीवरून पांगरीच्या रस्त्यानं जायचं. याच वाटेनं एके काळी अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट जायची. 1911 मध्ये ती लातूरपर्यंत पोचली आणि लातूर-बार्शीच्या अडतीचा माल शंभरेक वर्षं तिनं ओढला. आता ब्रॉडगेज आहे. पण कडब्याला रेल्वे नको, बांधापर्यंत येणारी गाडी लागते.

कडबा विकत आणावा लागतो हे माझ्या वडलांना पटलं नसतं. त्यांच्या वेळी घरच्या रानात मालदांडी ज्वारी असायची, पुरुषभर वाढलेली, आणि गोठ्यामागं दोन-दोन गंजी. मालदांडीची 35-1 ही जात मोहोळच्या संशोधन केंद्रानं निवडली ती 1930च्या दशकात, आणि कोरडवाहू रब्बीत अजून तिचं नाव निघतं, ते भाकरीइतकंच कडब्यासाठी. पण ज्वारीला काढणीला माणसं लागतात. वाकून काढा, पेंढ्या बांधा, कणसं मोडा, सगळं हातानं. खरिपात सोयाबीन आलं आणि त्याच्यामागं हरभरा. दोन्ही यंत्रानं निघतात, पैसा रोख येतो. जनावरांच्या वाट्याला सोयाबीनची गुळी आणि हरभऱ्याचं भुसकट उरलं. ते जनावर खातं, पण आवडीनं नाही. ज्याच्याकडं दुभती आहेत त्याला मग कडबा शोधत फिरावं लागतं, आणि शेकड्याचा भाव ऐकून गप्प बसावं लागतं.

कडबा भरणं ही कारागिरी आहे. वजनाला हलका, पण जागा खातो. फाळके लावूनच ठेवायचे. पहिला थर पेंढ्यांचे बुडखे बाहेर आणि शेंडे आत असा लावायचा, म्हणजे पुढचा प्रत्येक थर आतल्या बाजूला कलतो आणि लोड स्वतःला धरून राहतो. उलटा लावला तर पहिल्याच वळणावर अर्धी गाडी रस्त्यात. फाळक्याच्या वर आलं की बाजूनं थोडं बाहेर काढत जायचं, केबिनच्या टपावर पुढं घ्यायचं. वर रचायला अण्णा, खालून पेंढ्या फेकायला पुतण्या आणि शिवारातले दोघं, आणि मी मधे फाळक्यावर उभी, एकाकडनं घेऊन दुसऱ्याला द्यायला. पेंढी उचलताना पाल्याची धार हाताला रेघा मारत जाते आणि कूस मानेत शिरते. ती रात्री आंघोळ करेपर्यंत जात नाही. म्हणून मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला घट्ट फडकं.

"आत्या, शेंडे इकडं नको, तिकडं कर!" पुतण्या ओरडला.

"मला शिकवलालास व्हय रे?" मी म्हटलं, पण पेंढी फिरवली. बरोबर होतं त्याचं.

शेवटी दोर. दोन लांब सोल आडवे, एक उभा. वरचा माणूस लोडवर बसून पायानं दाबतो आणि खालचे दोघं फाळक्याला पाय देऊन ओढतात. गाठ अशी की ओढेल तसा दोर आवळतो आणि सोडताना एका हिसक्यात सुटतो. अण्णा अशी गाठ दर वेळी मारतो. मला ती आजवर जमलेली नाही.

उंचीचा एक नियम मात्र पुतण्यानं आणला. त्याच्याकडं एक वाळका बांबू आहे, त्यावर लाल रंगाची खूण. आमच्या वाटेवर विजेची जी तार सगळ्यात खाली लोंबते, तिच्यापासून चांगलं हातभर अंतर सोडून ती खूण केलीय. लोड खुणेच्या वर गेला की थांबायचं, मग पेंढ्या उरल्या तरी चालतील. पूर्वी काय व्हायचं? लोडवर एक माणूस बसायचा, तार आली की बेचक्याच्या काठीनं ती उचलून धरायचा आणि गाडी खालून हळू जायची. लोकांना त्यात शौर्य वाटायचं. उन्हाळ्यात तारेला कडबा घासून गाडी पेटल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, तरी आजही काही गाड्यांवर मी माणसं बसलेली बघते, वर पाय सोडून, हातात मोबाइल. जुन्या गाडीच्या नावानं हा जो बेफिकीरपणा चालतो, तो मला मुळीच पटत नाही. गाडी जुनी असेल, माणूस वापरून झालेला नसतो.

साडेबारा

परतीला येडशीच्या चढावर गाडी एकदम खोकली, दोन गचके दिले आणि बंद पडली. पुतण्या उडी मारून खाली. मागच्या चाकांना दगड. अण्णानं पहिला प्रश्न विचारला, "काडी घातली होतीस का?"

चारशेसातच्या डिझेलचा काटा बंद पडून कित्येक वर्षं झाली. टाकीत किती आहे हे बघायला एक सपाट काडी आहे, तिच्यावर चाकूनं केलेल्या खाचा. वरची खाच म्हणजे बार्शी करून ये, मधली म्हणजे तालुक्यापुरतं, खालची म्हणजे वस्तीबाहेर जाऊ नको. पुतण्यानं आज काडी घातलीच नव्हती. डिझेल संपलं नव्हतं, कमी होतं. पण चढावर गाडी मागं कलली, टाकीतलं डिझेल मागच्या अंगाला सरकलं, ओढणारी नळी उघडी पडली आणि पंपात हवा शिरली. हवा धरली की डिझेल इंजिन हलत नाही.

रस्त्याकडेच्या कडुनिंबाला केवढीशी सावली. पुतण्यानं कॅनमधलं डिझेल टाकीत ओतलं, आणि मग पाना घेऊन फिल्टरवरचा छोटा बोल्ट दोन आटे सैल केला. अण्णा खाली फीड पंपाची गुंडी दाबू लागला. खट्, खट्, खट्. आधी बोल्टच्या कडेनं नुसता फेस आला, पांढरा. मग फेसात डिझेल, मग मोठे बुडबुडे, मग लहान. पुतण्या बोट लावून बघत होता. बुडबुडे थांबून सलग, स्वच्छ धार लागली तसा त्यानं बोल्ट आवळला, हात पॅन्टला पुसले आणि केबिनमध्ये चढला. पहिल्या सेल्फला नाही, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला इंजिन अडखळत सुरू झालं आणि मग सुधारलं. वीस मिनिटं गेली असतील.

पुतण्यानं आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलंय, आणि नव्या गाड्यांचं तो भरभरून सांगतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस सहा लागू झाल्यावर मालवाहू गाड्यांत सेन्सर आले, कॉम्प्युटर आला, धूर स्वच्छ करायची वेगळी यंत्रणा आली. बिघाड झाला तर मेकॅनिक आधी लॅपटॉप जोडतो. ती गाडी कमी डिझेल पिते, जास्त ओढते आणि हवा पुष्कळ कमी खराब करते. हे सगळं खरं आहे. आमची गाडी चढ चढताना मागं मोटरसायकलवर बसलेली पोरं नाकाला रुमाल लावतात, हे मी आरशात बघितलंय. अण्णा ही बाजू ऐकून घेत नाही. त्याचं एकच म्हणणं, "हिला पाना पुरतो." दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि त्यांचं भांडण येडशी येईपर्यंत चाललं.

दोन

जेवणं झाली. भाकरी, आमटी, कांदा. बाहेर हवा भट्टीसारखी. लोड केलेली गाडी लिंबाखाली उभी, आणि तिच्याच सावलीत कुत्रं झोपलेलं.

वहिनीनं पत्र्याच्या पेटीतली कागदांची पिशवी काढली. पासिंगची तारीख जवळ आलीय. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी पासिंग करावं लागतं. 2022च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या पासिंगची फी बरीच वाढली. जुन्या गाड्यांना वरून पर्यावरण कर. आणि 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना नवी एचएसआरपी नंबर प्लेट, तीही झाली. वहिनी बोटं मोडत हिशेब करते: फी, विमा, पीयूसी, पासिंगआधीचं रंगकाम, ब्रेकचं काम. गाडी स्वस्त पडते हा समज या पिशवीपाशी थोडा ढासळतो. हप्ता नाही हे खरं, पण सरकार तिला दर वर्षी नव्यानं विकत घ्यायला लावतं.

एक गोष्ट मात्र सोपी झाली. मालासकट साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी साध्या हलक्या गाडीच्या लायसनवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलं. चारशेसात त्याच्या आत बसते. पुतण्याच्या लायसनचा वाद त्यामुळं घरात तरी मिटला.

आरसी बुकावर अजून उस्मानाबाद आहे. जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये धाराशिव झालं, एमएच 25 तेवढं तसंच राहिलं.

या गाडीची जात मात्र मुळात मोठ्या लढाईत जन्मलेली. 1980च्या दशकात छोट्या मालगाड्यांच्या बाजारात जपानी कंपन्या भारतीय जोडीदार घेऊन उतरल्या होत्या: डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निस्सान. यातल्या ऑल्विनचा कारखाना आमच्या उमरग्यावरून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावर, जहिराबादला. आता तो महिंद्राकडं आहे. टाटांच्या टेल्कोनं 1986 मध्ये पुण्यात बनवलेली चारशेसात त्यांच्यासमोर उभी केली, सुमंत मुळगावकर अध्यक्ष असतानाच. जपानी गाड्या चालवायला सुबक होत्या, असं जुने ड्रायव्हर आजही सांगतात. पण आपल्याकडची गाडी दुप्पट माल भरूनच निघते, हे ज्यानं हिशेबात धरलं त्याची गाडी टिकली. पाटे जाड, चेसी जाड, आणि सुटे भाग येडशीच्या चौकातही मिळतात.

साडेतीन

ऊन थोडं कललं तसा कडबा उतरवला. भरण्यापेक्षा उतरवणं निम्म्या वेळात होतं. गंज रात्री रचायची. आत्ता नुसता ढीग, कारण गाडी रिकामी हवी.

साडेचार

2025च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला त्यानं परंडा-भूमकडं घरंदारं, जनावरं नेली, हेलिकॉप्टरनं माणसं काढावी लागली. आमच्याकडं तेवढं झालं नाही. पण ओढ्याकडंचा ताल फुटला आणि त्याच्यामागं धरलेली काळी माती एका रात्रीत ओढ्यात गेली. खालचा मुरूम उघडा पडला. माती परत आणायची ती गाळ आणून, तो नंतरचा विषय. आधी ताल दगडात उभा करायला हवा, नाहीतर आणलेला गाळही जाईल.

दगड घरचेच आहेत. पूर्वी आमचं माळवद होतं: दोन-अडीच फूट रुंद भिंती, काळे दगड मातीत बसवलेले, वर लाकडं आणि लाकडांवर हातभर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात आत गार. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यातल्या भूकंपात याच भिंती आणि याच मातीखाली माणसं गेली. सुमारे आठ हजार. आमचं घर उभं राहिलं, एका कोपऱ्याला भेग पडली, बस. पण त्यानंतर आई घरात झोपायला तयार होईना. त्या वर्षी अर्ध्या जिल्ह्यानं अंगणात पावसापाण्यात रात्री काढल्या. पुढच्या उन्हाळ्यात वडलांनी माळवद उतरवलं, पत्र्याचं घर बांधलं आणि दगड रचून ठेवले. कुणी विकत मागितले तर दिले नाहीत.

योगायोग असा की ही चारशेसात त्याच कामातली. पहिल्या मालकानं ती 1994 मध्ये घेतली तीच पुनर्वसनाची कामं निघाली म्हणून. सास्तूर, माकणीच्या बाजूला नवी गावं बसत होती. वाळू, सिमेंट, ब्लॉक, पत्रे. त्या दोन-तीन वर्षांत गाडीनं आपली किंमत कमावून दिली, मग एका खवेवाल्याकडं गेली, आणि तिथून आमच्याकडं. हौद्याचा उजवा कोपरा अजून चेपलेला आहे, तो त्या काळातला.

दगड भरायला कडब्याच्या बरोबर उलटी रीत. फाळका पाडायचा, दोन जाड फळ्या तिरक्या लावायच्या, आणि पहारीनं दगड फळीवर सरकवत वर घ्यायचा. उचलून आदळायचा नाही. हौद्याचा पत्रा फाटतो. आधी तळाला जुनी पोती आणि माती. मोठे दगड केबिनच्या बाजूला, पुढून मागं. माळवदाचे दगड तोंडाला घडलेले आहेत, एक बाजू सपाट, बाकी ओबडधोबड. सपाट बाजू खाली आली की ते हलत नाहीत.

हौदा रिकामाच दिसतो. दगड पोटरीच्या वर आले नाहीत तोच अण्णा म्हणाला, "बस." मला वाटलं अजून दोन बसतील. त्यानं मला खाली बसवून मागच्या चाकापाशी दाखवलं. पाटे रिकाम्या गाडीला कमानीसारखे वाकलेले असतात. माल चढेल तशी कमान उतरते. आत्ता ती जवळपास सरळ झाली होती. सरळ झाली की थांबायचं. उलटी वाकली की मेन पाटा केव्हा तुटेल सांगता येत नाही, आणि तो चढावर किंवा ओढ्यातच तुटतो. कागदावर गाडी अडीच टनांच्या आसपास माल ओढते. मुरूम किंवा वाळूनं हौदा काठोकाठ भरला तर ब्रासभर होतं, आणि एक ब्रास साडेचार टनांच्या घरात जातो. बांधकामाच्या दिवसांत तो तसाच भरून नेत असतील, म्हणूनच तो कोपरा तसा.

ओढ्याकडं पहिल्या गिअरात, माणूस चालेल त्या वेगानं. पुतण्या स्टीअरिंगवर, अण्णा पुढं पायी, हातानं खुणा करत. घे, घे, डावं घे, थांब. उतरवताना दगड फळीवरून सोडले की थेट जागेजवळ जातात. ताल कोरड्या दगडाचाच रचायचा, माती-चुना काही नाही. मोठा दगड, त्याच्या फटीत लहान, आणि दर थराला थोडं आत घेत. पाणी अडलं पाहिजे आणि झिरपलंही पाहिजे. वडलांनी हेच आम्हाला दाखवलं होतं, तेव्हा दगड बैलगाडीतून यायचे.

ऊन उतरेपर्यंत दोन थर झाले. अजून पुष्कळ बाकी आहे.

साडेसहा

हौद्यात प्लॅस्टिकची दोन हजार लिटरची टाकी चढवली आणि खालच्या वस्तीवरच्या बोअरवर भरायला गेलो. आमच्या विहिरीनं मे लागताच तळ दाखवलाय. जनावरांना, घराला आणि सीताफळाच्या नव्या रोपांना एवढं पाणी रोज लागतं. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन. गाडीला ते जड नाही. पण टाकी एकतर पूर्ण भरायची नाहीतर रिकामी न्यायची. अर्धी भरली तर पाणी हेलकावे खातं, वळणावर सगळं एका बाजूला धावतं आणि गाडी ओढून नेतं.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली तेव्हा देशभर फोटो छापून आले. ती याच बाजूनं गेली होती. आमच्याकडं तेव्हा रेल्वे थांबली नाही. ही चारशेसात आणि हीच टाकी होती, फक्त बोअर तीन गावं पलीकडं.

नऊ

गंज रचून झाली, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. पश्चिमेला वीज चमकत होती; वळवाचा पाऊस आला तर भिजलेला कडबा काळा पडतो.

शेजारच्या वस्तीवरचे तात्या आले. मुलीचं लग्न झालंय. कपाट, पलंग, भांडी कळंबला पोचवायची आहेत.

"उद्या गाडी मोकळी हाय का?"

"हाय की," अण्णा म्हणाला. "सकाळी खताची एक खेप टाकतो, मग नेऊ."

"भाडं किती धरू?"

"भाडं कसलं? डिझेल टाका."

पुतण्या मधेच म्हणाला, "तात्या, पलंग सुटा करून ठेवा. आणि वर कुणी बसायचं नाही, मी आधीच सांगतोय."

"आरं, पोरं बसतेत की दोघं-तिघं, सामान धरायला."

"सामानाला दोर आहे. पोरं एसटीनं येतील."

तात्यांनी अण्णाकडं बघितलं. अण्णानं वहिनीकडं बघितलं. वहिनी म्हणाली, "तो म्हणतोय तसंच करा तात्या, त्याच्या लायसनवर चाललीय आता गाडी."